फाटकापुरता कोबा

७ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर सुधारलंय. ओळी आता पाणसळीने तपासल्यासारख्या अगदी सरळ असतात. आत्याला हे वाचून दाखवू नका, ती हसेल. आणि तुम्हाला वाचायला पाटीवर चार टोमणे लिहून दाखवेल.

फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही याचं मला आधी फार वाईट वाटायचं. कामावरच्या काँक्रीट मिक्सरच्या घरघरीने तुमचे कान नेले, त्या मशीनवर माझा रागच होता. आता वाटतं, ऐकू येत असतं तर तुम्ही फोनवर "हो, बरं, ठेवतो" एवढंच बोलला असतात. पत्रात निदान शेजारच्या शिंप्याच्या नव्या चष्म्याबद्दल तरी कळतं.

मी इथे रुळले. खोली लहान आहे, खिडकी उघडली की समोर भिंत. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, फक्त मी आंघोळीला किती पाणी घेते ते दाराबाहेर उभ्या राहून ऐकतात. प्रयोगशाळेत काम भरपूर. बांधकामांवरून काँक्रीटचे ठोकळे येतात, ते मशीनमध्ये ठेवून किती भाराला फुटतात ते पाहायचं. तुम्ही जन्मभर घडवलंत आणि मी दिवसभर फोडते. बापलेकीचं एकूण काम शून्य.

आता मोठी बातमी. आमच्या प्रमुख बाईंनी मला शाळांच्या शिक्षकांसमोर बोलायला उभं केलं. विषय होता, माणसाने बनवलेल्या वस्तू आणि पृथ्वी. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा जळणाचा धूर तर होतोच, शिवाय त्या दगडात बांधलेला वायूही सुटतो, म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो हवेत जातोच, हे मी सांगितलं. वाळूसाठी नद्यांचे तळ कसे खरवडले गेले ते सांगितलं. काही अभ्यासकांच्या अंदाजाने माणसाने केलेल्या सगळ्या वस्तूंचं वजन आता पृथ्वीवरच्या सगळ्या जिवंत गोष्टींच्या वजनाइतकं होऊन बसलंय, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा काँक्रीटचा आणि खडी-वाळूचा. भाषण छापलं, त्याची प्रत सोबत पाठवते आहे.

आत्याच्या चाकांच्या खुर्चीसाठी पावसाआधी अंगणभर कोबा करायचं तुम्ही म्हणत होतात. बाबा, आपल्या गल्लीत मातीचं अंगण आता आपलंच एकटं उरलंय. बाकी सगळ्यांचं पाणी रस्त्यावर धावतं, आपलं तेवढं जमिनीत मुरतं. माझं भाषण आधी वाचा आणि मग काय ते ठरवा.

आत्याला नमस्कार. दोघांचा लोभ नेहमीसारखा राहू द्या, त्यावरच माझं इथे चाललंय.

तुमची,
मुंगी


१९ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

छापील कागद पोचला. वर तुझं नाव आणि त्याखाली डिग्री छापली आहे, तो भाग मी आधी वाचला आणि शिंप्याला दाखवून आलो. मग खालचं वाचलं. बोट ठेवून वाचलं, म्हणून वेळ लागला. अडलेले शब्द तुझ्या आत्याने पाटीवर फोड करून दिले.

सगळं कळलं. खोटं काही वाटलं नाही. भट्टीचा धूर मी डोळ्यांनी पाहिला आहे. वाळू तर आम्हीच नदीतून उपसत होतो. तेव्हा नदी मोठी आणि आपण लहान वाटायचो.

कोबा रद्द केला. खडी येऊन पडली होती ती परत पाठवली.

शिंपी आला होता. त्याच्या दुकानाचा स्लॅब गळायला लागला आहे, पाहून जा म्हणाला. मी सांगितलं की ते काम मी सोडलं. का, असं त्याने खुणेने विचारलं, म्हणून तुझा कागद त्याच्या हातात दिला. तो वाचून गेला.

काल बसल्या बसल्या जुनी कामं आठवत होतो. पूर्वी आठवलं की बरं वाटायचं. शाळेचा जिना, पाण्याची टाकी. तू आहेस त्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा रॅम्प. तो केला तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. आता वाटतं की हे सगळं तुझ्या कागदातल्या त्या वजनात धरलेलं असणार. धरायलाच पाहिजे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. शिकलेल्या माणसाने खरं सांगायचं नाही तर कोणी सांगायचं. तुला शिकवलं ते यासाठीच.

जेवणाची आबाळ करू नकोस. बाकी ठीक.

तुझे बाबा


२ जुलै

चि. मुंगीबाईंस,
आशीर्वाद, आणि कानही धरला आहे असं समज.

तू काय लिहून पाठवलंस ग? मी तुझं भाषण वाचलं. चांगलं आहे, डोक्यात शिरेल असं लिहिलंयस. पण ते वाचल्यापासून दादाचं काय चाललंय ते तुला तो सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

थापी आणि गिलाव्याचा रंधा तेल लावून खुंटीला टांगलेत. रिटायर झाल्यावरसुद्धा हा माणूस कुठे स्लॅब पडतोय कळलं की बघायला जायचा. जाऊन उभा राहायचा आणि कोणी न विचारता सांगायचा की पाणी मारा, अजून मारा, ओलं राहिलं तरच काँक्रीट पक्कं होतं. लोकांनी त्याचं नावच पाणीवाले पाडलं. आता त्या रस्त्याने जात नाही. परवा एक पोरगेलासा गवंडी वाटेत भेटला, पाणीवाले, जरा चला म्हणाला. दादाने त्याच्यापुढे हात जोडले. मी ओट्यावरून पाहत होते. चोरी केलेल्या माणसासारखे जोडले ग.

शिंप्याच्या दुकानात टपटप चालू आहे. खाली बादल्या, वर प्लॅस्टिक, मध्ये शिंपी. माझ्याकडे काजं-बटणं करायला येतात ते शर्ट ओले येतात. त्याने दुसऱ्या कोणाला बोलावलं तर तो म्हणाला सगळा स्लॅब पाडून नवा टाका. शिंपी म्हणतो, पाणीवाल्यांनी पाहिल्याशिवाय मी पाडणार नाही. आणि पाणीवाले पाहायला तयार नाहीत. पृथ्वीचं यात काय भलं होतंय ते मला नीट समजावून लिही.

आता माझं ऐक. अंगणात चिखल आहे. खुर्चीची चाकं रुततात. पाऊस सुरू झाल्यापासून मी ओट्याच्या पुढे गेलेली नाही. पोस्टमन फाटकातून हाका मारतो, त्या दादाला ऐकू येत नाहीत आणि मला तिथवर जाता येत नाही. मग तो पत्र फाटकात खोचून जातो. तुझं मागचं पत्र भिजून लगदा व्हायचंच बाकी होतं. चुलीजवळ वाळवून वाचलं.

मी दादावर रागावलेली नाही, तुझ्यावरही नाही. पण एक सांगते. तू मातीची बाजू घेतलीस आणि दादाने तुझी घेतली. मला काय हवं ते तुम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. अंगणभर कोबा मलाही नको होता. सकाळी तिथे पक्षी मातीत लोळतात ते बघत मी काजं करते, त्यावर फरशी कोण घालून घेईल? मला फक्त फाटकापर्यंत जायचं होतं. स्वतःचं स्वतः.

खोटं काही लिहून त्याची समजूत घालू नकोस, त्याला लगेच कळेल. पण काहीतरी कर. घरात रेडिओ बंद पडल्यासारखं झालंय, आणि दादा तर घरात कधी फारसं बोलतही नव्हता.

माया आहे म्हणून एवढं लांबवलं. ती आहे तोवर माझी बोलणी खायची तयारी ठेव.

तुझी आत्या


११ जुलै

प्रिय आत्या,
सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठोकळ्यांवर नंबर घालत होते. डोळे भरल्यावर नंबर चुकले. बाईंनी काय झालं विचारलं, मी सांगितलं सिमेंटची धूळ गेली. त्यांनी रुमाल दिला आणि अजून धूळ असेल तर बाहेर बसून ये म्हणाल्या.

बाबा माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, त्यांनी पानभर ऐकवलं असतं. पण ते माझ्या प्रत्येक ओळीला हो म्हणतात. ते भाषण मी कारखान्यांबद्दल लिहिलं होतं, सरकारांबद्दल लिहिलं होतं. ते आपल्या घरात शिरून बाबांच्या समोर जाऊन उभं राहील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि त्यातलं एक वाक्यही मला खोटं म्हणून खोडता येत नाही.

तुला मी विचारलं नाही हे खरं. आता विचारते. खुर्चीला जायला-वळायला किती रुंद वाट लागते? मोजून ठेव. मला नको सांगूस, बाबांना सांगावं लागेल असं मी काहीतरी करते. काय करणार ते अजून माहीत नाही.

एक योग आला आहे. मोठ्या दवाखान्याची इमारत पाडायची की ठेवायची हे ठरवायला आमच्या प्रयोगशाळेला नमुने घ्यायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात जाणार. बाबांनी लिहिलेला रॅम्प तोच का, ते बघते. भीती वाटते. जुनं काम आहे, खराब निघालं तर मी काय लिहू?

तोवर त्यांना सांभाळ. माझ्या वाटणीची बोलणी शिल्लक ठेव, घरी आले की बसून खाईन.

तुझी,
मुंगी


२४ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून, सावकाश वाचा. घाईने वाचण्यासारखं नाही.

मी तुमच्या रॅम्पवर जाऊन आले. तो तुमचाच, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. दाराशी पोचले आणि पायाखाली आपल्या घरची मोरी दिसली. तुम्ही ओल्या काँक्रीटवर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेघा ओढता ना, पाय घसरू नये म्हणून, त्याच रेघा वरच्या मजल्यापर्यंत गेल्या आहेत. लहानपणी आंघोळ करताना मी त्यांच्यावरून बोट फिरवायचे. आत्या ओरडायची, पाणी संपलं तरी हिचा मासा संपत नाही. मी तिथे खाली बसून पुन्हा बोट फिरवलं. आमचे लोक बघत राहिले.

काम असं असतं. मशीनने काँक्रीटचा बाटलीएवढा गोल तुकडा कापून काढतात, तो फोडतात आणि फुटलेल्या जागेवर एक औषध फवारतात. काँक्रीट आतून धड असेल तिथे ते गुलाबी होतं. हवेने आत शिरून त्याचा कस खाल्ला असेल तिथे राखाडीच राहतं, आणि तिथवर लोखंडी सळई आली की गंज धरते.

आधी नव्या बाजूच्या खांबांचे तुकडे पाहिले. ती बाजू तुमच्या रॅम्पनंतर कितीतरी वर्षांनी बांधलेली. औषध फवारलं आणि कडेकडेने बराच भाग राखाडीच राहिला. सळया गंजल्यात. ती बाजू पाडणार. म्हणजे तिथे पुन्हा सिमेंट, पुन्हा वाळू, पुन्हा भट्टीचा धूर, आणि जुनं सगळं कुठल्या तरी खड्ड्यात.

मग रॅम्पचा तुकडा आला. बाबा, फवारायची बाटली मी बाईंच्या हातात दिली. तो तुकडा गुलाबी झाला. नुसता मधोमध नाही, कडेपर्यंत. अगदी वरच्या कातडीपर्यंत. आमच्या प्रयोगशाळेत एवढ्या जुन्या कामाचा असा तुकडा मी आजवर पाहिला नव्हता. बाईंनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "हे ज्याने केलं, त्याने पाणी मारायचं टाळलेलं नाही."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की हे माझ्या बाबांनी केलं. आणि मग सिमेंटची धूळ डोळ्यात गेली.

स्ट्रेचर ढकलणाऱ्या एक मावशी तिथे होत्या. त्या म्हणाल्या की दुसऱ्या उतारावर त्यांना जीव मुठीत धरावा लागतो, इथे त्या डोळे मिटून जातात. मी त्यांना रेघांचं सांगितलं नाही. मनात मात्र म्हटलं की मावशी, तुमच्या चपलेखाली आमच्या मोरीतला मासा आहे.

रॅम्प पाडायचा नाही असं ठरलं. तो तसाच राहणार आणि नवी इमारत त्याला येऊन जोडणार.

माझं भाषण मी पुन्हा वाचलं. त्यातलं काही मागे घेत नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. पण माणसाने किती बनवलं एवढंच मी सांगितलं होतं. तेच तेच किती वेळा बनवावं लागतं, हे लिहिलंच नव्हतं. तुमचा रॅम्प एकदा झाला. धूर एकदा झाला, वाळू एकदा लागली, आणि तेव्हापासून त्यावरून माणसं जाताहेत. वजनात तो धरायचाच. पण ते वजन कोणी वाहिलं आणि कोणासाठी, हेही धरायला हवं ना?

शिंपीकाकांचा स्लॅब पाहायला जा. पाडायची गरज नसेल तर तसं ठामपणे सांगणारा माणूस त्यांना हवा आहे, तुमच्याशिवाय गल्लीत दुसरा कोण आहे? आणि आत्याला विचारा की तिला किती कोबा हवाय. ती सांगेल. तिने मोजून ठेवलंय.

त्या तुकड्याची एक चकती सोबत पाठवते आहे. गुलाबी रंग लवकर उडतो, पोचेपर्यंत ती राखाडी झालेली असेल. माझ्यावर विश्वास ठेवा.

लोभ मागायला मला आज लाज वाटत नाही, तो भरपूर आहे हे कडेपर्यंत दिसलं.

तुमची,
मुंगी


६ ऑगस्ट

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

रॅम्पला भोक पाडलंत. ते बुजवलं का? कशाने बुजवलं? कडा ओल्या करून मग माल भरला की कोरड्यात कोंबला? नंतर ओलं गोणपाट टाकलं होतं का आणि ते ओलं ठेवायला माणूस नेमला का? यातलं तू काहीच लिहिलेलं नाहीस. एवढं शिकून हे लिहायचं सुचलं नाही का? उद्याच्या उद्या जाऊन पाहून ये आणि कळव.

त्या कामावर मी गोणपाटं ओली करत बसायचो. मुकादम म्हणायचा, पोरा, आता पुरे, काँक्रीटला सर्दी होईल. बाकीचे हसायचे. मला ते सुकताना बघवत नव्हतं, एवढंच. त्यामागे काही मोठी अक्कल होती असं नाही. मी कोवळा होतो आणि ते माझं पहिलं मोठं काम होतं.

चकती राखाडीच आली. तुझ्या आत्याला दाखवली, ती म्हणाली हिच्यात गुलाबी काय आहे. मी म्हटलं मला दिसतं.

शिंप्याच्या गच्चीवर गेलो. स्लॅब धड आहे. पाणी जायच्या तोंडाशी पालापाचोळा आणि एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी अडकून तळं साचलं होतं, ते भेगेतून उतरत होतं. पिशवी काढली. भेग कापून बुजवली. पाडा म्हणणाऱ्या माणसाला शिंप्याने माझ्यासमोर परत पाठवलं. मला ऐकू आलं नाही, पण शिंप्याचं तोंड बराच वेळ हलत होतं.

आत्याला किती कोबा हवा ते विचारलं. तिने ओट्यापासून फाटकापर्यंत एक वाट सांगितली, खुर्ची जाईल एवढीच, आणि फाटकाशी वळायला जरा मोठी जागा. मी म्हटलं दोन्ही बाजूंनी थोडं वाढवतो. तिने पाटीवर "नाही" असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मग मी वाटेला दोन्हीकडे हलका उतार द्यायचं ठरवलं, म्हणजे तिच्यावर पडलेलं पाणी मातीत जाईल. जन्मभर पाणी बाहेर काढायला उतार दिला. आत पाठवायला पहिल्यांदाच देतो आहे.

पावसाने उघडीप दिली की काम करतो. थापी खुंटीवरून काढली आहे.

भाषणातलं काही खोडू नकोस. त्यात भर घाल. आणि त्या भोकाचं कळव.

तुझे बाबा


८ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

वाट झाली. दादाने आयुष्यात एवढं लहान काम केलं नसेल आणि एवढा आरडाओरडा केला नसेल. माल कालवायला दोघं आले होते, त्यांना जेवायला उशिरा सोडलं. रेघा ओढायला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. काट्याकाट्याने तुझा मासा ओट्यापासून फाटकापर्यंत गेला आहे.

काम संपवून तो पाणी प्यायला आत वळला तेवढ्यात गल्लीतला कुत्रा ओल्या वाटेवरून तिरका चालत गेला. ही एवढाली पावलं उमटली. मी म्हटलं, गेला बिचारा जिवानिशी. दादा आला, थापी घेऊन वाकला, बराच वेळ पावलांकडे पाहिलं आणि तसाच उठला. मी पाटीवर विचारलं, बुजवत का नाहीस? म्हणाला, "चिखल असता तर पुसली गेली असती, राहू दे."

त्यानंतर माझा छळ सुरू झाला. समोर वाट तयार, मला हौस, आणि हा गोणपाटं अंथरून त्यावर पाणी मारत बसलेला. रोज विचारायचे, रोज मान हलवायचा. शिंपी गमतीने म्हणायचा की ताईंच्या खुर्चीआधी वाट म्हातारी होणार. एकदा पाऊस पडत होता तरी दादा छत्री घेऊन गोणपाटं ओली आहेत का ते बघायला गेला. त्या दिवशी मी हसून हसून सुई टोचून घेतली.

पावसाचं पाणी वाटेच्या दोन्ही अंगांनी उतरतं आणि मातीत जातं. तिथे बुडबुडे येतात. दादाला आवाज ऐकू येत नाही, तो बुडबुडे बघतो. पक्षी परत लोळायला येतात. पोरगेलासा गवंडी येऊन बघून गेला, त्याला दादाने उतार कसा काढला ते हातवारे करून शिकवलं आणि वर ओरडून सांगितलं की जिथे लागतं तिथेच घाल, आणि घातलंस की पाणी मारायचं चुकवू नकोस. सगळ्या गल्लीने ऐकलं.

आज सकाळी त्याने गोणपाटं उचलली, घडी केली आणि बाजूला उभा राहिला. ढकलायला पुढे आला नाही. मी एकटी निघाले. चाकांखाली रेघांची बारीक खरखर होत होती. कुत्र्याच्या पावलांवर खुर्ची किंचित हलली. फाटकाशी पोचले, वळले नाही, तशीच थांबले. पोस्टमन आला, नेहमीच्या सवयीने हाक मारायला तोंड उघडलं आणि मी समोर. तुझं पत्र त्याने माझ्या हातात दिलं. कोरडं. ते मी तिथेच वाचलं. दादा ओट्यावरून बघत होता. मी हात केला, त्याने थापी वर केली.

भोक नीट बुजवलंय आणि गोणपाटही टाकलं होतं हे तू लिहिलंस, ते मी त्याला पाटीवर लिहून दाखवलं. आज तो दोन घास जास्त जेवला.

आता पत्र पुरं करते. पोस्टाची पेटी शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीला आहे, आपल्या फाटकाला लागून, तुला माहीतच आहे. आजवर माझी सगळी पत्रं तू टाकलीस नाहीतर दादाने. हे मी टाकते आहे.

तुझी आत्या